परभणीच्या मंचावर माझी हरकत

माझ्या मुलीच्या गाण्याला माझा विरोध कधीच नव्हता. मला त्याने फक्त दरदरून घाम फुटत असे.

गंगाखेडच्या तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय. (शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझी भाषा साहेबांनाही पुन्हा पुन्हा वाचावी लागते!) आमची शीतल बारावीनंतर पिठाच्या गिरणीत कामाला लागली. घर एका खोलीचे. त्यामुळे रॅपचा सराव गिरणीच्या पट्ट्याच्या ठेक्यावर आणि ध्वनिमुद्रण ज्वारीच्या पोत्यांच्या आडोशाला, तडा गेलेल्या मोबाइलवर! गिऱ्हाइके विचारीत, "पोरीला झपाटलंय का वो?"

अशा स्थितीत तिने परभणीच्या रॅप स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. जिंकणाऱ्याचे गाणे पुण्याच्या स्टुडिओत निघणार होते. हरली, तर गिरणी होतीच.

"पप्पा, तुमी येऊ नका," शीतल म्हणाली. "तिथं समोरच्याला टोचून बोलायची रीतच हाय. तुमाला सोसायचं न्हाई."

"मला? तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत सर्वांची बोलणी खाल्लेला माणूस आहे मी!"

"म्हणूनच सांगायलीय पोरगी," आमची मंडळी चुलीपुढून वदली.

मी गेलो. पहिल्याच रांगेत बसलो.  तांबड्या केसांचा, गंगाखेडचाच एक पोरगा पुढे आला आणि शीतलकडे बोट करून सुरू झाला:

"हिचा बाप बसतो तहसीलच्या दारी,
शब्द याचे मोठे, अन् अर्ज सारे माघारी!"

सभागृह हसले. मी उठलो, मंचावर चढलो आणि माईक हिसकावला! "महोदय, उपरोक्त विधान निराधार, बिनबुडाचे व बदनामीकारक असून ते तात्काळ मागे घेण्यात यावे, अन्यथा..."

मागे ठेका चालूच! लोक टाळ्या वाजवू लागले.

"काका, खाली उतरा!" आयोजक ओरडले. "स्पर्धकाचा माणूस मंचावर चढला. मुलगी बाद!"

शीतलचा चेहरा पांढराफटक पडला.  पुणे गेले, स्टुडिओ गेला, आणि घालवले कोणी? जन्मदात्याने!

"बाद कशी? बोलू द्या तिला!" पब्लिक खवळले. परीक्षकांनी आपसात कुजबुजून मान डोलावली. शीतलने माझ्या हातातून माईक घेतला, पोराकडे पाहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. (मला वाटले, आता बापाची बाजू मांडणार!)

"थांब गड्या, माझ्या बापाला तू कितीसा वळखतू?
यानं वाक्य सुरू केलं, की साहेब बदलतू!
पूर्णविराम येईस्तोवर अर्जदार म्हातारा,
चहासाठी आईला म्हणतू, 'कप सादर करा!'"

सभागृह डोक्यावर घेतले लोकांनी! तो तांबडा पोरगासुद्धा पोट धरून खाली बसला. त्याने केली ती किरकोळ चोरी म्हणावी, तर हा माझ्या अब्रूवर सरळ दरोडा होता!

शीतल जिंकली. पुण्यात तेच गाणे निघाले. आता कचेरीचे शिपाईसुद्धा मला पाहून "सादर करा" म्हणतात.

अखेर मी अब्रूनुकसानीचा अर्ज लिहायला घेतला. मजकूर उत्कृष्ट उतरला. परंतु अर्जदार आणि गैरअर्जदार यांचा पत्ता एकच निघाला, आणि त्याच पत्त्यावर मला संध्याकाळी जेवायचे होते!