खोक्याच्या लाकडाची धुरी

आमच्या गावात कुणाचं मूल जन्मलं की धुरी द्यायला माझ्या आईलाच बोलावणं यायचं. गाव खुलताबादच्या अलीकडे, आम्ही मेंढरंवाले. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणाची सालं आणि वाळवलेला निंबाचा पाला, एवढाच तिचा दवाखाना. गोवरीच्या निखाऱ्यावर ती हे चिमटीचिमटीनं टाकायची, वर बाज, बाजेवर बाळंतीण. बाळाला मात्र निखाऱ्यावर धरायची नाही. धुरावर स्वतःचा तळवा गरम करून त्याच्या छातीला लावायची. तिच्या हातचं लेकरू सर्दीनं कधी कण्हलं नाही, असं गावात सांगायचे.

माझ्या पहिल्या वेळी मी माहेरी जायच्या आतच पोरगी घाई करून आली. मग आईच आली, वाळूजला. नवरा तिथल्या एका कंपनीत नुकताच लागला होता, कायम व्हायचा होता. आमची पत्र्याची एक खोली. काखेत गाठोडं आणि डोक्यावर गोवऱ्यांचं पोतं घेऊन आई एस्टीतून उतरली, तेव्हा वसाहतीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही लाज वाटली. काय म्हणून वाटली, ते देव जाणे.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा वातावरण तापलेलं होतं. आज मोर्चा, उद्या बंद. बाराव्या दिवशी गोवऱ्या संपल्या आणि गावाकडच्या एस्ट्या तर आधीच थांबलेल्या. नव्या वसाहतीत म्हैस कुणाची? धुरीत खंड पडायला नको म्हणून आई कासावीस झाली. तिची ती तगमग बघून नवऱ्यानं सायकलला बांधून चार फळ्या आणल्या. कंपनीत यंत्रं ज्या खोक्यांतून यायची, त्या खोक्यांच्या. गेटवर न दाखवता आणलेल्या. कीड लागू नये म्हणून त्या लाकडाला औषध मारतात, हे त्याला ठाऊक होतं. पण सगळे कामगार तेच चुलीत घालतात, मग शेगडीत घातलं तर काय बिघडलं, असं त्याला वाटलं.

"इस्तू तो इस्तूच," आई म्हणाली, फळ्यांचा विस्तव केला आणि दार लावून घेतलं. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नसतं.

धूर डोळ्यांना झोंबला. मी म्हणाले, "आई, वास येगळाच येतोय गं."

"ओवा जुना झाला आसंल. तू गप पड."

बाजेवरच्या बाईचं कोण ऐकतं! थोड्या वेळानं पोरगी खोकली, मग खोकायचीही थांबली. तिचे ओठ जांभळे दिसायला लागले आणि मी किंचाळले.

शेजारी एक बौद्ध कुटुंब होतं, त्यातला कर्ता माणूस माझ्या नवऱ्याच्याच पाळीत कामाला. बारा दिवसांत आईनं त्यांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. त्या दिवशी तीच आई पोरीला पोटाशी धरून त्याच्या लुनावर मागं बसली. नाक्यावर जमावानं अडवलं तेव्हा त्यानं हात जोडून वाट मागितली. मी नवऱ्याच्या सायकलवर मागून निघाले, तेव्हा वाटेत त्यानं फळ्यांच्या औषधाचं सांगितलं. दवाखान्यात पोचले, तोवर पोरीच्या नाकाला नळी लागली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "काय जाळलंत?"

आईनं एकेक नाव सांगितलं. ओवा, वावडिंग, शेपा, लसूण, निंब. काही लपवलं नाही. फळ्यांचं तिच्या ध्यानातच नव्हतं, तिच्या लेखी निखारा म्हणजे काही औषध नव्हे.

"नातीचा जीव घेत होतात तुम्ही! कधी सुधारणार हा अडाणीपणा?" डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. कंपनीचेच चार-पाच लोक तिथं रांगेत होते. फळ्यांचं नाव निघालं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटबाहेर काढलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी उघड्या डोळ्यांनी पाहिली. चोर माझ्याच घरातला होता आणि मी त्याला सामील होते.

पोरगी वाचली. आई तिसऱ्या दिवशी, बंद उठल्याबरोबर, सवा महिना न थांबता निघून गेली. त्यानंतर तिनं कुणाला धुरी दिली नाही. लोक दारात यायचे आणि ती म्हणायची, "माझ्या हातानं लेकरं गुदमरत्यात." मी माहेरी गेले की हे ऐकायचे आणि ताटातलं चिवडत बसायचे. आज सांगू, उद्या सांगू. नवरा कायम झाला, तरी माझं तोंड उघडलं नाही.

ती कंपनी बंद पडल्यावर एकदाचं सांगितलं. आई तेव्हा थकली होती, ओसरीवर बसून असायची. फळ्या, औषध, गेट, दवाखाना, सगळं सांगितलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

तिनं माझ्या केसांतून हात फिरवला.

"लई मायाळू हाईस बाई तू," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून नवऱ्यावर आळ घेतीस व्हय? नगं. चूक माझी व्हती, मी मानलीय."

मी शपथा घेतल्या. तिनं हसून माझे डोळे पुसले आणि जेवायला वाढ म्हणाली.