उजव्या हाताची जागा

गळ्याची शस्त्रक्रिया निश्चित झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून करवत आणली.

नागपूरच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितले होते की स्वरतंतूवर गाठ आहे, ती काढावी लागेल, आणि त्यानंतर आवाज पूर्वीसारखाच राहील असे कोणालाच सांगता येणार नाही. बाल्यापासून मी आमच्या वेदशाखेच्या संहितेचा सस्वर पाठ करीत आलो आहे. ज्या गुरूंनी तो मला मुखाने दिला ते आता नाहीत. माझ्यासोबत शिकलेले गुरुबंधूही एकेक करून गेले. छापील पोथी कुठेही मिळते, परंतु स्वर कुठे किती रेंगाळावा आणि श्वास कुठे लपवावा हे पोथीत नसते. ते माझ्या गळ्यात होते, आणि त्याच गळ्यावर शस्त्र चालणार होते.

माझी मुलगी मलाजखंडला असते. जावई तिथल्या खाणीत नोकरीला आहेत आणि ती कंपनीच्या क्वार्टरमध्ये बसून संगणकावरून मुलांना गाणे शिकवते. बातमी ऐकताच ती माईक आणि लॅपटॉप घेऊन बालाघाटला आली.

"बाबा, पूरा पाठ रेकॉर्ड करून ठेवू. मागच्या खोलीत धानाची पोती आहेत ना, तीच भिंतीले लावू. आवाज घुमत नाही मग."

पोती लागली, दारावर रजई टांगली गेली. प्रश्न राहिला बैठकीचा. तिने फोनवर दाखवलेली सारी मेजे खुर्चीची होती. मी जन्मभर आसनावर मांडी घालून म्हणत आलो. लोंबते पाय ठेवून माझ्या तोंडून पहिली ऋचाही निघणार नाही. शिवाय पोथी नाभीच्या वर असावी, आणि यंत्र पोथीच्या बरोबरीने बसू नये, असा माझा आग्रह. सुताराने दिवाळीनंतरचा वायदा केला. दिवाळीपर्यंत थांबणे माझ्या हाती नव्हते. म्हणून मीच करायचे ठरवले.

माळ्यावर घराच्या दारांतून उरलेल्या सागवानी फळ्या होत्या. पहिली फळी कापण्यापूर्वी मी तिला अक्षता वाहून वृक्षाची क्षमा मागितली. पत्नी दारात उभी होती.

"झाड केव्हाचंच गेलं. आता त्याले काय विचारता?"

"विचारण्याची रीत आहे."

"अन् देवघरातला चौरंग वरिसभरापासून हालते, त्याची नाही का रीत?"

मापे मात्र तिनेच घेतली. मी आसनावर ताठ बसलो, दोन्ही हात मांडीत ठेवले, आणि ती सुतळी धरून माझ्या भोवती फिरली: डोळ्यापासून पोथी, ओठांपासून माईक, गुडघ्यापासून फळी. त्यावरून मी आराखडा केला. समोर पोथीसाठी उतरती फळी, डावीकडे माईकचा दांडा, उजवीकडे एक पायरी खाली लॅपटॉपचा पंख, म्हणजे बंद-चालू करायला हात तिथल्या तिथे. तिन्ही बाजूंनी मला कवेत घेणारे मेज. पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर लाकडातून वर चढू नये म्हणून.

संयमाचा उपदेश मी आयुष्यभर इतरांना केला. त्या दिवसांत तो मला स्वतःला मिळाला नाही. करवत रेषा सोडून जाई, मी फळी उलटी करून पुन्हा लागे. रंधा मारताना मनात अध्याय मोजत असे: रोज इतके झाले तर किती होतील, आणि आज एकही झाला नाही. भुशाने खोकला उठे. पत्नीने एकदा माझ्या तोंडावर पंचा इतक्या जोराने बांधला की मला क्षणभर बोलता येईना.

"गळ्यासाठी मेज करून राह्यले अन् गळ्यातच भुसा घालून राह्यले. जरा दम घ्या."

"दिवस कुठे आहेत?"

तिने पटाशी थोडा वेळ माझ्या हातून काढून घेतली.

शेवटी जवसाचे तेल पिऊन मेज तयार झाले. मी पूर्वेला तोंड करून बसलो. मुलगी म्हणाली, "बाबा, हिलना मत हं. माईक सगळं पकडते."

पहाटेच्या शांततेत आरंभ केला, आणि पहिल्याच अध्यायात चुकलो. अवघड जागी नव्हे. जिथे झोपेतही चुकलो नसतो तिथे. पुन्हा आरंभ केला, तर दुसरीकडे स्वर घसरला. तिसऱ्यांदा शब्दच पुढे येईना. मुलगी म्हणत राहिली, "होते बाबा, पुन्हा घेऊ," आणि मी पोथीकडे पाहत राहिलो. व्याधी गळ्यातून स्मृतीत उतरली, अशी माझी खात्री झाली.

त्याच सकाळी स्नान करताना तोच अध्याय मी म्हटला. निर्दोष. पूजेत म्हटला. निर्दोष. खोलीत येऊन बसलो की पुन्हा तेच. मग माझा संशय मेजावर गेला. दिशा साधली नसावी म्हणून आम्ही ते उत्तरेकडे फिरवले, पुन्हा पूर्वेला आणले. करवतीची पूजा राहिली म्हणून तिला कुंकू लावले.

"आता त्या ट्यूबलेही लावा," पत्नी म्हणाली. पण उचलायला तीच आली.

दोन दिवस असे गेले. संध्याकाळी मुलीने फसलेले ध्वनिमुद्रण लावले, नेमके कुठे बिघडते ते शोधायला. मी आसनावरच बसून ऐकत होतो. कानावर स्वर येताच माझा उजवा हात मांडीतून आपोआप उठला, वर गेला, खाली आला, आणि बाजूला वळला तो उजव्या पंखावर खटकन आदळला. त्याच क्षणी यंत्रातला माझा आवाज अडखळला.

मुलीने तेच पुन्हा लावले. हात उठला, आणि पुन्हा त्याच स्वरावर बोटे लाकडाला लागली.

"बाबा," ती हसू दाबत म्हणाली, "तुमच्या हाताले तर जागाच नाही ठेवली."

आमच्या शाखेत स्वर हाताने दाखवायचे असतात. उंच स्वराला हात वर, नीच स्वराला खाली, आणि तिसऱ्याला बाजूला. गुरू पहिली कित्येक वर्षे शिष्याचे मनगट स्वतः धरून फिरवत; आवाज हातामागून चालायला शिके. मी डोळ्याचे, ओठांचे, गुडघ्याचे माप दिले, आणि ज्या हाताने हा पाठ शिकलो तो मांडीत झाकून बसलो, जणू छायाचित्र काढायला बसलो होतो. मुलीने हलू नका म्हटले आणि मीही त्याला मांडीत बांधून ठेवले; स्नानाला आणि पूजेला तो मोकळा होता.

तेल अजून पुरते सुकलेही नव्हते. तो गुळगुळीत पंख मी करवतीखाली घेतला आणि हात निर्वेध फिरेल अशी अर्धचंद्राकृती खाच पाडली. कड ओबडधोबड राहिली. घासायला वेळ नव्हता. लॅपटॉप मुलीने आपल्या मांडीवर घेतला.

नंतर एकही स्वर चुकला नाही. परंतु वाया गेलेले दिवस परत आले नाहीत, आणि गळाही दुपारपर्यंतच साथ देई. नागपूरला निघायच्या सकाळी शेवटचे काही अध्याय राहिले होते. मी पोथी रुमालात बांधली.

गाठ निघाली आहे. डॉक्टरांनी पूर्ण मौन सांगितले आहे. ते सुटल्यावर कोणता आवाज निघेल हे त्यांनी सांगितलेले नाही. हे सारे त्याच मेजावर लिहीत आहे, कारण बोलता येत नाही आणि स्वस्थ बसता येत नाही.

आज सकाळी मी ध्वनिमुद्रण लावून बसलो. हात त्या खाचेतून आपल्या वाटेने फिरत होता. जिथपर्यंत म्हटले होते तिथे आवाज थांबला. पत्नी तांदूळ निवडायचे सूप घेऊन दारात आली.

"अहो, बंद पडलं ते. सरलं काय?"

मी मान हलवून नाही म्हटले. मनात पुढचा अध्याय सुरू झाला होता. हात वर गेलेला होता, आणि तो मध्येच खाली घेता येत नाही. तिने काही क्षण पाहिले, मग सूप ठेवले, आणि अडगळीतून काचकागद आणून खाचेची कड घासू लागली, माझा हात वर असेल तेवढाच वेळ.