चिक्कीची तपासणी

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात डॉक्टरांच्या यंत्रापेक्षा चिक्कीवर जास्त विश्वास ठेवणारा एकच माणूस आहे, आणि तो दर वर्षी माझ्याच शाळेत येतो. सरकारी दवाखान्यातली शिपायाची नोकरी संपून या काकांना सात वर्षं झाली. तरी केनवडजवळच्या आमच्या शाळेत आरोग्य तपासणीची गाडी यायची असली की तिच्याआधी काका फाटकात हजर. नेलकटर घेऊन प्रार्थनेच्या रांगेतून फिरतात. एकदा रांगेच्या टोकाला तालुक्याचे साहेब उभे होते. त्यांनी ओळख म्हणून हात पुढे केला. काकांनी दोन नखं कापली, मान वर केली, साहेबांना ओळखलं आणि तिसरंही कापलं. “काम अर्धं सोडत नसतो मी,” म्हणाले.

पण त्यांची खरी तपासणी कानांची. पोराच्या मागे उभं राहायचं आणि हळूच पुटपुटायचं, “चिक्की पायजे काय?” पोर वळलं तर कान ठणठणीत, चिक्की त्याची. नाही वळलं तर नाव डॉक्टरांच्या यादीत. मी हसायचे. मग एका वर्षी तिसरीतली एक मुलगी वळलीच नाही. तिचं लक्ष नसतं म्हणून मी तिला वर्षभर रागावत होते.

“बाई, पोरगी ढ नाही, तिले आयकूच येत नाही. काहून रागावून राह्यल्या? पुढं बसवा अन् वाशीमले पाठवा.”

पाठवली. कानाला यंत्र बसलं. आता ती सातवीत आहे आणि मलाच उलट उत्तरं देते.

यंदा मात्र घंटा झाली तरी काका बोलतच राहिले. मला शंका आली. ते पहिलीची नखं आटोपत होते, तेव्हा मी त्यांच्या मागे जाऊन पुटपुटले, “चिक्की पायजे काय?”

अख्खी पहिली माझ्याकडे वळली. काका वळले नाहीत. पोरांची तोंडं फिरलेली पाहून त्यांना कळलं.

“बाई, डाक्टरले सांगू नका. बहिऱ्या माणसाले कोण येऊ देईन शाळेत?”

“त्या सातवीतल्या पोरीला येऊ दिलंच ना?” मी मोठ्यानं म्हटलं आणि यादीत शेवटी त्यांचं नाव लिहिलं. डॉक्टरांनी विचारलं, “इयत्ता?”

“लिहा काहीही,” मी म्हटलं. “पुढच्या बाकावर बसवा म्हणजे झालं.”

वाशीमच्या गाडीत चार पोरं आणि काका. मी त्यांच्या हातावर चिक्की ठेवली, तर त्यांनी परत केली. नियम म्हणजे नियम, वळेल त्यालाच चिक्की. गाडी हलली तेव्हा ते शेजारच्या पोराची नखं पाहत होते.

चिक्की माझ्या टेबलाच्या खणात आहे. यंत्र बसवून ते आले की मी मागे उभी राहून विचारणार आहे. अगदी हळू.