भासऱ्यांची लाल पेटी

माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, मिहानमध्ये विमानं दुरुस्त होतात तिथल्या स्टोअरमध्ये नोकरीला आहेत. विमानाला हात लावायची परवानगी त्यांना नाही. ते सामान देतात आणि सही घेतात. पण लग्नकार्यात कोणी विचारलं, की "आम्ही विमानाचं इंजिन पाहतो" असं सांगतात. पाहतात हे खरंच आहे. दुरून दिसतं ते.

माझा धंदा मसाल्याचा. सक्करदऱ्याला घराच्या मागे चक्की आहे, मिरची भिवापूरहून येते आणि ती आणायला माझ्याकडे एक जुनी डिझेल गाडी आहे. यंदा ती रोज सकाळी खोकायला लागली. आधी पांढरा धूर, मग ठकठक. पंपाचं टायमिंग बिघडलं होतं आणि इंजिनाचा दातेरी पट्टाही बदलायला झाला होता. टायमिंग म्हणजे पंपानं डिझेल नेमक्या क्षणी सोडणं. क्षण चुकला की इंजिन धूर ओकतं. आधीच्या मिस्त्रीनं ते "कानानं" लावून दिलं होतं. इंजिनावर डोकं वाकडं करून ऐकायचं आणि "बस, झालं" म्हणायचं. त्या कानाचं फळ मी उमरेड रस्त्यावर मागच्या गाड्यांच्या शिव्यांसकट भोगलं. दुसरा म्हणाला, "ताई, भंगारात काढा." पाहण्याआधीच म्हणाला. बॉनेट उघडायचेही कष्ट घेतले नाहीत त्यानं.

मग मी ठरवलं, आपणच करू. गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक मिळवलं आणि चक्की बंद झाली की वाचत बसले. हत्यारं लागणार होती थोडकीच. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, नेमक्या जागी आलंय हे दाखवणारी पिन, पंपाच्या चाकाची पिन, आणि पंपाच्या पाठीत बसवायचं डायल गेज. पंपातला दांडा किती सरकला ते त्या गेजचा काटा केसाच्या हिशेबानं दाखवतो. अंदाज नाही, कान नाही.

मी हत्यारांसाठी दुकानं धुंडाळतेय, ही गोष्ट भासऱ्यांच्या कानावर गेली आणि रविवारी ते लाल पेटी घेऊन हजर झाले. पेटीच्या झाकणावर एक गोरा माणूस अंगठा दाखवून हसत होता.

"यात सगळ्या गाड्यांचं आहे. युनिव्हर्सल," ते म्हणाले. "तू काहून दुकानं फिरून राहिली वं? मले विचारायचं नं."

सगळ्या गाड्यांचं म्हणजे कोणत्याच गाडीचं नसतं, हे मसाल्यात मला केव्हाच कळलं आहे. 'सर्व भाज्यांसाठी' लिहिलेला मसाला कोणत्याही भाजीत घाला, भाजी मेलीच समजा. पेटीत पिनांची रांगच रांग, सगळ्या बाजारातल्या बांगड्यांसारख्या चकाकणाऱ्या. एक माझ्या फ्लायव्हीलच्या भोकात गेली ती डुगडुगत राहिली, दुसरी गेलीच नाही. डायल गेजचा काटा दाबला की पुढं जायचा आणि सोडला की मनाला येईल तिथं थांबायचा. पण भासऱ्यांसमोर काय बोलणार? "छान आहे," म्हटलं आणि पेटी चक्कीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी इतवारीत हत्यारांच्या बाजारात, लोहा ओळीत गेले. दुकानदारानं गेज काढायच्या आधी माझ्या साडीकडं पाहिलं.

"मिस्टर को भेज दो मॅडम. उनको समझेगा."

माझ्या मिस्टरांना स्कूटरची हवा कमी झालेली समजत नाही. मी त्याच्याच काउंटरवर तीन गेज मागवली आणि प्रत्येकाचा काटा दाबून सोडून पाहिला. एकाचाच शून्यावर नीट परत आला. तेच घेतलं. दुकानदार म्हणाला, "सब एक जैसा है." त्याच्या डोळ्यांना एकसारखंच दिसत असावं. पंपाच्या पाठीत गेज बसवायचा आट्यांचा तुकडा आणि दोन्ही चाकांच्या भोकांच्या मापाच्या पिना लेथवर करून घेतल्या. आत पडलेले नट उचलायला दांडीला लावलेलं एक लोहचुंबक घेतलं आणि घरी आले.

मग मिरचीच्या सौद्यासाठी मला एसटीनं भिवापूरला जावं लागलं. संध्याकाळी परतले तर बॉनेट उघडं, आणि भासरे बनियनवर, कोपरापर्यंत काळे. नवरा बाजूला टॉर्च धरून उभा.

"तुले सरप्राइज देऊन राहिलो होतो," भासरे म्हणाले. "पण हा माल चिनी निघाला."

झालं होतं असं. पट्टा काढायला इंजिनाच्या मुख्य दांड्याचा, म्हणजे क्रँकचा, मोठा बोल्ट सोडवावा लागतो, तो सुटत नव्हता. म्हणून त्यांनी पेटीतली डुगडुगती पिन फ्लायव्हीलमध्ये खुपसली आणि लांब पान्यावर सगळं वजन टाकलं. पिन तुटली. अर्धी हातात, अर्धी आत. पिन जागा दाखवण्यासाठी असते, जोर सहन करण्यासाठी नाही, हे माझ्या पुस्तकात पहिल्याच पानावर ठळक छापलं आहे. पण पुस्तक वाचणं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करणं. ते कोण करणार? नशीब, पट्टा अजून चढलेला होता. काढलेला असता आणि क्रँक असा झटक्यात फिरला असता, तर पिस्टननं व्हॉल्व्ह वाकवून ठेवले असते, आणि भंगारवाल्या मिस्त्रीचं भविष्य खरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला. स्टार्टर मोटर सोडवली, त्या जागेतून चुंबकाची दांडी आत घातली आणि फ्लायव्हील हळूहळू फिरवत तुटका तुकडा बाहेर ओढला, मग मोटर परत बसवली. भासरे पाहत होते.

"आता सेल्फ मारून पाहू का?" त्यांनी हात चावीकडं नेला.

"भाऊजी, हात काढा तिथून."

लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर मी आवाज चढवला नव्हता. नवऱ्यानं टॉर्च विझवला, जणू अंधार केला की ऐकलेलं पुसलं जाईल. सकाळ होती, त्यामुळे काहीच फरक पडला नाही.

मी त्यांना गाडीत बसवलं. पाचवा गिअर टाका आणि ब्रेक दाबून धरा, एवढंच काम दिलं. इंजिन धरायची खरी रीत तीच. त्यांनी ब्रेक असा दाबला, जणू विमान धावपट्टीवर थांबवायचं आहे. बोल्ट सुटला. गिअर काढायला लावला, दोन्ही पिना बसवून नवा पट्टा चढवला, पिना काढून पंपात गेज बसवलं. इंजिन पान्यानं थोडं उलटं फिरवत गेले, काटा खाली येऊन थांबला तिथं शून्य केलं. मग फ्लायव्हीलची पिन बसेपर्यंत सुलटं फिरवलं. पुस्तकातला आकडा आला नाही. पंपाचे बोल्ट सैल करून तो जरासा कलवला, परत मोजलं. परत कलवला. चौथ्यांदा काटा जिथं हवा तिथं थांबला, आणि मी पंपाचे बोल्ट आवळले.

"एवढ्याशा फरकानं काय होते वं?" भासऱ्यांनी खिडकीतून विचारलं.

 मी डिझेलच्या नळीतली हवा काढली, बोल्ट परत तपासले आणि चावी स्वतः फिरवली. गाडी दोनदा शिंकली, पांढरा धूर सोडला, आणि मग अशी एकसुरी चालू लागली की चक्कीतल्या बाया बाहेर येऊन पाहू लागल्या.

पुढच्या आठवड्यात भिवापूरला निघाले तर भासरे न विचारता शेजारी येऊन बसले. मिरचीच्या व्यापाऱ्यानं गाडी वळताना ऐकली आणि म्हणाला, "आवाज बदलला गा हिचा. कुठून करून आणलं?"

"आणलं कुठून? घरीच टायमिंग लावलं आम्ही," भासरे म्हणाले, आणि व्यापाऱ्याला डायल गेज कसं वापरतात ते समजावू लागले. शून्य कुठं करायचं ते मात्र चुकीचं सांगत होते.

मी पोती उघडून मिरचीचे देठ पाहायला लागले. तळाला ओली मिरची भरून वर सुकी पसरून गळ्यात मारायची या व्यापाऱ्याची खोड होती, आणि तो गेजमध्ये गुंतला होता तोवर मला तळापर्यंत हात घालता येत होता.