एकशे दहा पौंड

आज सकाळी माझ्या जिमचं दार अडवायला ठेवलेली वजनाची जुनी प्लेट सरकवली आणि तळहाताला गंजाचा वास लागला. ही प्लेट धाराशिवमधल्या आमच्या सरांच्या जिमची. तिथल्या प्लेटांवर सगळे आकडे पौंडांत असायचे.

मी नवी होते. सरांनी बारला प्लेटा लावल्या अन् म्हणाले, "बारसकट एकशे दहा. उचल."

आकडा ऐकूनच मी बॅग खांद्याला अडकवली. घरी येडशीला जाणारी बस पकडायची आणि परत इथं यायचं नाही, असं ठरवून टाकलं.

"पौंड हायेत ते," सर म्हणाले. "निम्मं कर, त्यातून दहावा हिस्सा वजा कर. किती किलो झाले?"

"पन्नासच्या आत."

"घरी सोयाबीनचे कट्टे कोण उचलतं?"

"मीच की. पन्नास किलोचा एकेक."

मी बॅग खाली ठेवली आणि बार उचलला.

तेव्हा वाटलं, सरांनी हिशेब शिकवला. आता कळतं, माझ्या त्या कट्टे उचलण्याला तोवर कुणी ताकद म्हटलंच नव्हतं. मीसुद्धा.

म्हणून नवी मुलगी आली की मी तिचं वजन नंतर करते. आधी विचारते, "घरी काय काय उचलतेस?"