पुढच्या सीटवरची शाई

नवी गाडी आली तेव्हा तिच्या सीटा इतक्या पांढऱ्या होत्या, की आमच्या गल्लीतल्या म्हशी शेजारून जाताना मान खाली घालायच्या. असला रंग शहाणा माणूस घेत नाही. मी घेतला.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. राहायला माझ्याकडे नाशकात, पण मतदान सिन्नरकडच्या गावी. यादीतलं नाव तिथून हलवू द्यायचे नाहीत. मतदानाच्या सकाळी ऐटीत पुढे बसले. पट्टा लावायचा नाही, ही प्रतिज्ञा. गाडी टिंगटिंग करून कोकलायची आणि दादा तिला उत्तर द्यायचे, "ऐकलं गं बाई. लय बोलती तू." नाशकातल्या द्वारका चौकापासून गावच्या शाळेपर्यंत दोघांचं भांडण. कोणीच हरलं नाही.

मत देऊन आले तेव्हा बोटावरची शाई ओली होती. आत बसताना त्यांनी सीटला हात टेकला. बोटाएवढा जांभळा डाग. मी म्हटलं, "घ्या, सीटनंही मत दिलं!" बाहेर उभी असलेली म्हातारी मंडळी खो खो हसली. दादा हसले नाहीत.

घरी बायकोनं लिंबू चोळलं, मीठ चोळलं, टूथपेस्ट, स्पिरिट, सगळं झालं. लिंबं एवढी पिळली की पंचवटीत सरबतवाल्यांनी संप केला. मग दारं उघडून आम्ही गाडी उन्हात वाळत घातली, आणि तिथंच घात झाला. ही शाई उन्हात पक्की होते. संध्याकाळी पाहतो तर डाग काळाकुट्ट.

"कव्हर टाकू, दादा."

"झाकलं म्हंजे गेलं व्हय? नव्या गाडीला माझंच बोट लागायचं व्हतं."

त्या दिवसापासून ते मागे बसायला लागले. लग्नाला, दवाखान्यात, कुठंही. त्यांना पुढे आणायला मी काय थापा मारल्या नाहीत! "दादा, मागं बसणाऱ्याला आता दंड हाय."

"भर मग."

रोज सकाळी ओलं फडकं घेऊन खाली उतरायचे आणि डाग घासत बसायचे. "घासा, घासा," मी वरून ओरडायचो, "उद्या भोक पडून खालचा रस्ता दिसंल!" ते मान वर करायचे नाहीत. त्यांच्या नखावरची शाई मात्र नखाबरोबर पुढे सरकत गेली. एका रविवारी नखं कापताना टोकाचा शेवटचा काळा तुकडा उडाला. बोट दाखवत म्हणाले, "माझं गेलं बघ. तुझंच जाईना."

थंडीत दादा गेले.

अस्थी रामकुंडावर न्यायच्या होत्या. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं चुलतकाकांनी मांडीवर घेतलं होतं. मी म्हटलं, "द्या इकडं. ते पुढं बसतील." काकांनी माझ्याकडे पाहिलं, पण दिलं. मी ते पुढच्या सीटवर ठेवलं, बरोबर डागावर, आणि गाडी चालू केली.

मग थांबलो. टिंगटिंग होईल म्हणून वाट पाहिली.

गाडी गप्प. जिच्याशी सिन्नरपर्यंत भांडला, तिला तो माणूस पुढे बसलाय हे कळेचना. एवढंसं वजन तिच्या हिशेबातच नव्हतं. मी हात लांब करून मडक्यावरून पट्टा ओढला, लावला.

मागून काका हळूच म्हणाले, "चल बाबा. त्यांना उशीर आवडायचा नाय."