पातळ घाटा

माझी नात तापातून उठली तेव्हा नुसती हाडं उरली होती. वर्षाचीही नव्हती. डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात वजन वाढलं नाही तर भरती करा. आता वाढायचं कसं? तांदूळ-मुगाच्या पिठाचा घाटा घट्ट शिजवला की पोरगी ओकारी काढायची, पाणी घालून सैल केला की पोटात नुसतं पाणीच जायचं.

मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण लेकाची पुस्तकं त्याच्याआधी मीच वाचायची. त्यात होतं, दाण्याला मोड येताना आत विकर तयार होतात अन् ते पिठाच्या लांब साखळ्या तोडतात. म्हटलं, मग माझ्या घाट्याच्या गंजातही तोडू देत की, पाणी न घालता सैल होईल! गहू भिजवले, मोड आणले, ऊर्जानगरच्या क्वार्टरवर फडकं झाकून वाळवले (नाहीतर वीज केंद्राच्या धुराड्यांची राखच दळावी लागते) आणि पीठ केलं.

नेमक्या विहीणबाई, सुनेची आई, गडचिरोलीहून आलेल्या, गॅसपाशीच ठाण मांडून. मी घाईघाईत उकळत्या घाट्यातच ते पीठ टाकलं. काही होईना. उलट आणखी घट्ट!

"काऊन बाई, पुस्तक वाचून सैपाक करून राह्यल्या?"

सून खाली मान घालून बसलेली. मग माझ्या डोक्यात आलं, उकळीत विकर कामातून जातात. हेही वाचलं होतं, विसरले. घाटा बोटाला सोसेल इतका निवू दिला, पुन्हा चिमूटभर पीठ टाकून ढवळत बसले. जरा वेळानं, आतापर्यंत उभा राहणारा चमचा हळूहळू आडवा झाला. पाण्याचा थेंब घातला नव्हता.

"पोरीले पाणी पाजता? लोक म्हणतीन, घरी दाणे नाईत."

"म्हनू द्या. लोक येतात का तिले भरवाले?"

एक उकळी दिली, घाटा निववला, पोरीला मांडीवर घेतलं. पहिला चमचा तिनं तोंडात घोळवला. दुसऱ्याला तोंड स्वतःच उघडलं. वाटी संपली तशी सून उठून दुसरी घेऊन आली, आईकडे न बघता.

वजनाच्या दिवशी काटा पुढं सरकला. विहीणबाई म्हणाल्या, "औषधाचा गुण हाये."

म्हटलं, "असन. पण औषध काय उपाशी पोटी मांस चढवते?"

त्या हसल्या नाहीत. मी हटले नाही. त्यांच्यासमोरच पुढचे गहू भिजत घातले.